ओपेथच्या गायकाचा आवाज खरंच गेला होता का?

स्वीडनच्या ओपेथ या मेटल बँडबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: गायक मिकाएल ओकरफेल्टचा घसा बसला, गुरगुरणं जमेना, म्हणून 2011 च्या 'हेरिटेज' अल्बमपासून बँडने डेथ मेटल (गुरगुरत्या गायकीचं जड मेटल) सोडलं. हे खरं नाही. 'हेरिटेज'नंतरही तो मैफलींत जुनी गाणी त्याच खर्जातल्या गुरगुरीत म्हणत होता. स्टुडिओत ती टाळली, ती आवडीपोटी. सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकचं वेड त्याला आधीपासूनच होतं.

आणि बदल एका रात्रीत झाला, हेही चूक. 1995 च्या 'ऑर्किड'मध्येच अकूस्टिक गिटारचे लांबलचक तुकडे आहेत. 2003 चा 'डॅम्नेशन' तर अख्खा मेलोट्रॉन (एक जुनं कीबोर्ड वाद्य) आणि साध्या गळ्याचा, एकही गुरगुर नाही! 2008 चा 'वॉटरशेड' ऐका: सुरुवातीला स्त्री-पुरुष आवाजातलं हळुवार गाणं, आणि लगेच 'एअर अपॅरंट' या गाण्याचा दणका. दोन्ही ओपेथच.

'हेरिटेज'नंतरचे मधले अल्बम सगळेच जमले असं नाही. 'सॉर्सरेस' मला विस्कळीतच वाटतो. पण घशाच्या कहाणीचा निकाल 2024 मध्येच लागला. 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'मध्ये गुरगुर परतलीये, पहिल्याच गाण्यात.