सोळाव्या वर्षानंतरचं गणित

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसई ही शालान्त परीक्षा दिली, म्हणजे इंग्रजी आणि गणितातून सुटका झाली असं नाही. यांपैकी ज्या विषयात ग्रेड 4 (9 सर्वांत वरची, 1 सर्वांत खालची) मिळाली नसेल, तो विषय कॉलेजात प्लंबिंग शिकायला गेलेल्यालाही पुढे चालू ठेवावा लागतो. सक्ती अलीकडची असली, तरी त्यामागची रेघ जुनी आहे.

1951 ची ओ-लेव्हल ही शालेय परीक्षा वरच्या साधारण 20 टक्के मुलांसाठी होती. 1965 मध्ये आलेली सीएसई त्याखालच्या 40 टक्क्यांसाठी. बाकीच्यांना परीक्षाच नव्हती. 1972 मध्ये शाळा सोडण्याचं वय 15 चं 16 झालं, तेव्हा या मुलांकडे काणाडोळा करणं अवघड झालं. 1988 पासून दोन्हींच्या जागी एकच जीसीएसई आली. तिथे कागदोपत्री सर्वांत खालची ‘जी’ ग्रेडही पासच. पण ‘सी’ म्हणजे जुन्या ओ-लेव्हलचा पास, हे नोकरी देणाऱ्यांनी मनात पक्कं धरलं.

गणितात तर बरीच वर्षं तीन पातळ्यांच्या प्रश्नपत्रिका होत्या. सर्वांत खालच्या पातळीला बसवलेल्या मुलीनं एकूण एक गणित बरोबर सोडवलं, तरी तिला ‘डी’च्या वर ग्रेड मिळत नसे. वर्गात कुणी कुठला पेपर द्यायचा हे ठरलं, की तिचा निकालही निम्मा ठरलेला!

1999 च्या मोझर अहवालानं मोठ्यांच्या लिहिण्यावाचण्याची आणि आकडेमोडीची अवस्था उघड केली: पाचांतल्या एकाला यलो पेजेस या व्यवसायांच्या फोन डिरेक्टरीच्या सूचीतून प्लंबरचं पान शोधता येत नव्हतं. 2011 मध्ये व्यवसाय-शिक्षणाचा सरकारसाठी आढावा घेणाऱ्या प्राध्यापक ॲलिसन वुल्फ यांनी शिफारस केली, की ‘सी’ न मिळालेल्यांनी हे दोन विषय सोडू नयेत. 2014 पासून सरकारनं कॉलेजांचा निधीच या अटीला बांधला. 2017 मध्ये ‘सी’च्या जागी ग्रेड 4 आली.

हेतूत खोट नव्हती. पण ग्रेडच्या सीमा ठरवताना निकालाचं प्रमाण वर्षागणिक फार हलू नये, हेही पाहिलं जातं. त्यामुळे दरवर्षी जवळपास एक तृतीयांश मुलं दोन्हींपैकी किमान एका विषयात ही रेघ गाठत नाहीत. शाळाप्रमुखांच्या संघटनेनं 2019 मध्ये त्यांना ‘विसरलेला तिसरा हिस्सा’ म्हटलं. 2024 च्या उन्हाळ्यात सतरा आणि त्यापुढच्या वयाच्या परीक्षार्थींपैकी गणितात सहापैकी साधारण एकच जण ग्रेड 4 ला पोचला.

ग्रेड 2 किंवा त्याखालच्यांना आता व्यवहारोपयोगी ‘फंक्शनल स्किल्स’ घेता येतं. पूर्णवेळ शिकणाऱ्या ग्रेड 3 वाल्यांना मात्र पुन्हा जीसीएसईच.