"एकच ग्लास तर दिला": तेराव्या वर्षी मद्य शरीरात काय करतं

रात्री साडेदहाला लेक मैत्रिणीचा वाढदिवस आटोपून घरी आली. गाल लालबुंद, नेहमीच्या दुप्पट बडबड आणि तोंडाला आंबूस वास. मी काही विचारायच्या आत तिनंच सांगून टाकलं, "काकूंनी वाइन दिली. सगळ्यांनाच दिली. एकेकच ग्लास."

वय १३, वजन ४२ किलो. त्यात तिच्या अंगावर पित्त उठतं म्हणून ती रोज ॲलर्जीची गोळी घेते, आणि त्या संध्याकाळी ती घेऊनच निघाली होती. ही गोळी मुळात थोडी गुंगी आणते. मद्याबरोबर ती गुंगी वाढू शकते. मी लगेच फोन लावला. पलीकडून शांत, समजावणीचा आवाज आला, "अहो, काळजी करू नका. मी स्वतः समोर बसले होते. सगळ्या अगदी ठणठणीत होत्या. बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरात, डोळ्यांसमोर बरं, नाही का?"

त्या आवाजात कपट नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी मुलींचं भलं केलं. त्या रात्री लेकीच्या उशाशी बसून मी तिचे श्वास मोजले. मिनिटाला सोळा. ती सकाळी बरी उठली. मला मात्र ते वाक्य सोडवेना, म्हणून पुढचे काही आठवडे मी या विषयावरचं संशोधन वाचत बसले.

आधी ग्लासाचा हिशेब. १५० मिलिलिटर वाइन १२ टक्क्यांची असेल, तर तिच्यात १८ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे वजनात सुमारे १४ ग्रॅम. अल्कोहोल चरबीत फारसं शिरत नाही, ते शरीरातल्या पाण्यात पसरतं. त्यामुळे जितकं शरीर लहान तितकं तेच मद्य जास्त दाट. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी १९३०च्या दशकात यासाठी एक साधं सूत्र दिलं, ते न्यायवैद्यक शास्त्रात आजही वापरतात: पोटात गेलेलं अल्कोहोल भागिले शरीराच्या वजनाचा ठरावीक हिस्सा. मुलीसाठी तो हिस्सा साधारण ०.६ धरला, तर माझ्या लेकीचे ४२ किलो हिशेबात २५ किलो होतात, आणि रक्तातलं प्रमाण चढतं ०.०५६ टक्क्यांपर्यंत. ८० किलोच्या पुरुषात तोच ग्लास ०.०२६ टक्क्यांवर थांबतो. हे आकडे रिकाम्या पोटी आणि भराभर प्यायल्याचे, म्हणजे वरच्या टोकाचे आहेत. जेवण झालेलं असेल तर कमी भरतील. तरी अंदाज येतो. गाडी चालवण्यासाठी ०.०५ टक्के ही मर्यादा अनेक देशांत आहे. मोठ्या माणसाला ज्या एका ग्लासानं काही होत नाही, तो तेरा वर्षांच्या मुलीला त्या रेषेपलीकडे नेऊ शकतो. आणि चढलेलं उतरतं ठरलेल्या सावकाश गतीनं, प्रौढांत तासाला साधारण ०.०१५ टक्के. म्हणजे तीन तासांहून जास्त. कॉफीनं किंवा गार पाण्याच्या अंघोळीनं ही गती वाढत नाही.

हे काम मुख्यतः यकृत करतं. एक विकर (एन्झाइम) अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड करतं, दुसरं विकर त्याचं ॲसिटेट. मधला पदार्थ विषारी आहे. ज्यांच्यात दुसरं विकर जन्मतःच दुबळं असतं, त्यांचा चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळतं. पूर्व आशियातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये असं असतं. याच कामात यकृताचा एक महत्त्वाचा सहायक रेणू खर्ची पडतो आणि नवी साखर तयार करण्याचं त्याचं दुसरं काम मंदावतं. मोठ्या माणसाच्या यकृतात साखरेचा साठा बऱ्यापैकी असतो. लहान मुलांत तो कमी, म्हणून त्यांची रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. मूल जितकं लहान, उपाशी किंवा नाचून दमलेलं, तितका हा धोका खरा.

पण मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं ते "सगळ्या ठणठणीत होत्या" या शब्दांनी.

मोठ्या माणसाला चढली की आपल्याला कळतं. जीभ जड होते, पाय अडखळतात, डोळे मिटायला लागतात. वयात येणाऱ्या मुलांत हे संकेत उशिरा आणि फिके दिसतात. अमेरिकेत बिंगहॅमटन इथे लिंडा स्पिअर यांनी वर्षानुवर्षं किशोरवयीन उंदरांवर काम केलं. प्रौढ उंदीर ज्या मात्रेला तोल जाऊन झोपी जातात, त्या मात्रेला किशोर उंदीर बराच काळ जागे आणि हिंडते राहतात. उलट मद्यामुळे येणारा मोकळेपणा, एकमेकांशी खेळण्याची ओढ त्यांच्यात जास्त वाढते. म्हणजे "आता पुरे" सांगणारा शरीराचा लगाम ढिला आणि "अजून हवं" म्हणणारा जोर अधिक.

माणसाच्या मुलांवर असा प्रयोग करता येत नाही. एकदा मात्र तो झाला होता. १९८३ साली डेव्हिड बेहार आणि सहकाऱ्यांनी ८ ते १५ वर्षांच्या मुलग्यांना मोजून अल्कोहोल दिल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रौढांना जी मात्रा नशा आणते, तीच मुलांना देऊनही त्यांच्या वागण्यात वरवर फारसा फरक दिसला नाही, याचं संशोधकांनाच आश्चर्य वाटलं. आज अशा प्रयोगाला परवानगी मिळणं मला शक्य वाटत नाही, आणि मिळूही नये. पण समोर बसलेल्या काकूंना मुली ठणठणीत का दिसल्या, याचं उत्तर त्यात आहे. त्यांचं लक्ष होतं. फक्त ज्या खुणांवर त्या विसंबल्या होत्या, त्या या वयात भरवशाच्या नसतात.

आणि वरून शांत दिसतं तेव्हा आत सगळं शांत असतंच असं नाही. मेंदूत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. दिवसभरात घडलेलं आठवणीत उतरवून घेण्याचं काम त्याचं. ड्यूक विद्यापीठात स्कॉट स्वार्टझवेल्डर यांच्या गटानं १९९०च्या दशकात उंदरांच्या हिप्पोकॅम्पसचे पातळ काप घेऊन पाहिलं. शिकण्याच्या मुळाशी पेशींची आपापसातली जोडणी पक्की होण्याची एक प्रक्रिया असते. कोवळ्या मेंदूत ती अल्कोहोलनं प्रौढ मेंदूपेक्षा अधिक दाबली जात होती. पाय स्थिर, पण आठवण लिहिणारा हात थांबलेला, असं हे विचित्र मिश्रण आहे. म्हणूनच जास्त प्यायलेलं मूल चालतं, बोलतं, हसतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला मधले दोन तास कोरे सापडतात.

हा मेंदू अजून बांधून व्हायचा असतो. जे गीड आणि सहकाऱ्यांनी तीच ती मुलं काही वर्षांच्या अंतरानं एमआरआयखाली तपासली आणि १९९९ साली दाखवून दिलं की मेंदूचा करडा भाग वयात येण्याच्या सुमारास वाढतो आणि मग छाटला जातो. वापरात नसलेल्या जोडण्या जातात, उरलेल्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण चढतं. विचार करून थांबण्याचं काम करणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी तयार होतो, पंचविशीच्या आसपास. अमेरिकेत २०१२ पासून पाच केंद्रांवर १२ ते २१ वयाच्या ८००हून अधिक मुलामुलींचा पाठपुरावा चालू आहे. त्यात जी मुलं भरपूर प्यायला लागली, त्यांच्यात कपाळामागचा करडा भाग न पिणाऱ्यांपेक्षा जास्त वेगानं कमी होताना दिसला.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, कारण घाबरलेल्या आईबापांना अतिशयोक्ती लगेच पटते. हे निष्कर्ष वारंवार आणि भरपूर पिणाऱ्या मुलांचे आहेत. एका ग्लासानं माझ्या लेकीचा मेंदू बिघडला, असं कोणतंही संशोधन म्हणत नाही. तिचा धोका त्या रात्रीपुरता होता: लहान शरीर, गुंगीची गोळी आणि त्यातलं काहीही माहीत नसलेली, मनानं चांगली यजमान.

मग घरात, देखरेखीखाली थोडी थोडी सवय लावली तर पुढे मूल शहाणपणानं पिईल, या समजुतीचं काय? ती मी माझ्याच नात्यातल्या सुशिक्षित माणसांकडून ऐकली आहे, आणि ऐकायला ती पटतेही. ऑस्ट्रेलियात रिचर्ड मॅटिक यांच्या गटानं १,९२७ मुलं आणि त्यांचे पालक यांच्याकडे सहा वर्षं पाठपुरावा केला. २०१८ साली निष्कर्ष आले: पालकांनी मद्य पुरवल्याचा कोणताही संरक्षक फायदा दिसला नाही. उलट ज्यांना ते घरून मिळालं, ती मुलं पुढच्या वर्षी बाहेरूनही मिळवण्याची शक्यता वाढली. बार्बरा मॅकमॉरिस यांनी अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य आणि ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य इथल्या शाळकरी मुलांची तुलना केली होती. मोठ्यांच्या देखरेखीखाली पिणाऱ्या मुलांत पुढे मद्यामुळे होणारे त्रास कमी नव्हते, जास्तच होते. मुलाला देखरेख दिसत नाही, परवानगी दिसते, असा मी याचा अर्थ लावते.

वयाचा आकडाही बोलका आहे. अमेरिकेतल्या ब्रिजेट ग्रँट आणि डेबोरा डॉसन यांच्या १९९०च्या दशकातल्या मोठ्या पाहणीत, पंधरा वर्षांच्या आत प्यायला सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी मद्याच्या आहारी गेले होते. विशी उलटल्यावर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. लवकर सुरुवात हेच एकमेव कारण आहे, असं यातून सिद्ध होत नाही. घरची परिस्थिती, स्वभाव, आनुवंशिकता यांचाही त्यात वाटा असतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून व्यसनाच्या धोक्यातला साधारण निम्मा भाग आनुवंशिक मानला जातो.

आणि मला वाटतं, न विचारता देण्यातली खरी चूक इथे आहे. कोणत्या मुलाच्या आजोबांचं यकृत दारूनं गेलं, कोणाला फिट येते, कोण मधुमेहाचं इंजेक्शन घेतं, कोणाच्या गोळ्या मद्याशी जुळत नाहीत, हे यजमानाला माहीत असण्याचं कारणच नाही. मुलाला ते नीट सांगता येत नाही, किंवा चारचौघांत सांगायची लाज वाटते. माझ्या लेकीला गोळी आठवली होती. सगळ्या जणी ग्लास उचलत असताना "मी गोळी घेतलीय" म्हणायचं धाडस तिला झालं नाही. तेरा वर्षांच्या मुलीकडून ती अपेक्षा तरी कशी करायची? व्हिक्टोरिया राज्यात २०११ पासून, पालकांच्या परवानगीविना दुसऱ्याच्या अल्पवयीन मुलाला घरातसुद्धा मद्य देणं गुन्हा आहे. कायदा हवाच का, यावर मतं वेगळी असतील. एक फोन करून विचारणं मात्र कुठेही जमतं.

असं मूल घरी आलं, तर रागवायचं नंतर. किती, कधी, कशाबरोबर, आणखी काही घेतलंय का, हे आधी विचारायचं, आणि अशा सुरात की पुढच्या वेळीही ते खरं सांगेल. झोपवायचं ते कुशीवर, एकटं सोडायचं नाही. शेवटचा घोट घेतल्यानंतरही बराच वेळ पोटातलं अल्कोहोल रक्तात उतरत राहतं, त्यामुळे "झोपलंय म्हणजे उतरतंय" हा भरवसा चुकीचा. हलवूनही जागं होत नसेल, श्वास मिनिटाला आठाच्या खाली गेला किंवा मधेच थांबायला लागला, ओठ निळसर पडले, अंग थंडगार झालं, झटके आले किंवा शुद्ध नसताना उलटी झाली, तर तासभर वाट पाहत बसायचं नाही. थेट रुग्णवाहिका बोलवायची.

दुसऱ्यांच्या घरातल्या वागण्याचा आपल्या मुलांवर किती परिणाम होतो, हेही मोजलं गेलंय. होली शाक्या यांच्या २०१२ सालच्या अमेरिकी अभ्यासात, ज्या मुलांच्या मित्राची आई मायाळू पण नियम पाळणारी होती, ती मुलं नशा होईपर्यंत पिण्याची शक्यता मित्राची आई दुर्लक्ष करणारी असलेल्या मुलांपेक्षा ४० टक्क्यांनी कमी होती. इथे आई मित्राची आहे, स्वतःची नव्हे. आइसलंडमध्ये १९९८ साली १५–१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी गेल्या महिन्यात दारू पिऊन नशा झाल्याचं सांगितलं होतं. २०१६ साली ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. खेळ, संगीत, रात्री बाहेर राहण्यावरची वेळेची मर्यादा, असं बरंच काही त्यामागे होतं. त्यात पालकांनी एकमेकांशी केलेले लेखी करारही होते: मुलांसाठी मद्य आणणार नाही, एकमेकांच्या मुलांवर लक्ष ठेवू.

हे सगळं वाचून झाल्यावर मी त्या काकूंना पुन्हा फोन केला. भांडायला नव्हे, मला गोळीबद्दल सांगायचं होतं. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मला खरंच माहीत नव्हतं हो." आणि थोड्या वेळानं, दबक्या आवाजात, त्यांच्या मोठ्या मुलाविषयी बोलू लागल्या. त्यालाही चौदाव्या वर्षापासून त्यांनी असंच घरात, समोर बसवून दिलं होतं. तो कधी अडखळला नाही, कधी जीभ जड झाली नाही. "त्याला चढतच नाही, असं आम्ही कौतुकानं सगळ्यांना सांगायचो." मी त्यांना त्या उंदरांविषयी सांगितलं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे त्याला तेव्हाही चढत होती?"

"हो," मी म्हटलं. "फक्त पाय अडखळत नव्हते."