अनुभव-वाटपाची अनुदानं (प्रादेशिक एकीकरण)

एखाद्या देशाला युरोपियन युनियन (ईयू) किंवा आसियान (आग्नेय आशियातल्या देशांचा गट) अशा गटात शिरायचंय आणि जे आधी शिरलेत त्यांच्याकडचं ज्ञान, पद्धती, फसलेले प्रयोग त्याच्यापर्यंत पोचवायचेत, तर त्यासाठी मिळणारा पैसा म्हणजे ही अनुदानं. यातून रस्ता, पूल, धरण काहीच उभं राहत नाही. खर्च होतो तो माणसांच्या येण्याजाण्यावर, ट्रेनिंगवर, भाषांतरावर, कायद्यांचे मसुदे तपासण्यावर.

गोव्यात ईयू म्हटलं की गप्पा लगेच पोर्तुगीज पासपोर्टवर जातात. पण पासपोर्टसाठी माणसाला जेवढे कागद गोळा करावे लागतात त्याच्या कित्येक पट काम आत शिरू पाहणाऱ्या देशाला करावं लागतं. खुद्द पोर्तुगाल १ जानेवारी १९८६ ला आत गेला, तेव्हाचं प्रकरण त्यामानाने सोपं होतं. १९९३ मध्ये कोपनहेगनला प्रवेशाच्या अटी ठरल्या, आणि आता वाटाघाटी ३५ प्रकरणांत, म्हणजे विषयवार भागांत, चालतात, अन्नसुरक्षा, कोर्टं, मासेमारी, सरकारी खरेदी, सगळं त्यात येतं. छोट्या देशाकडे एवढी तयार माणसं असतातच कुठे?

म्हणून ईयूने १९९६ मध्ये टायेक्स आणि १९९८ मध्ये ट्विनिंग सुरू केलं. टायेक्स थोड्या दिवसांचं असतं, एक्स्पर्ट येतो, वर्कशॉप होतं, किंवा इकडचे अधिकारी तिकडे बघायला जातात. ट्विनिंगचं तसं नाही, त्यात सदस्य देशाचा सरकारी अधिकारी किमान वर्षभर त्या देशात जाऊन राहतो, तिथल्या खात्यात बसतो आणि ठरलेला निकाल दाखवावा लागतो, नुसता रिपोर्ट देऊन सुटका नाही.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना यावरून १९६१ नंतरचे डेप्युटेशनवाले आठवतील. गोवा मुक्तीनंतर शेजारच्या राज्यांतून अधिकारी, शिक्षक आले, कारभार नव्या चौकटीत बसवायचा होता आणि ती चौकट माहीत असलेली माणसं इथे कमी होती. त्यावरून इथे किती कुरबुर झाली ते सांगायला नको, वरच्या खुर्च्या बाहेरच्यांना का, हा त्या काळातला मोठा वादाचा मुद्दा होता. फरक असा की डेप्युटेशनवाल्याकडे सहीचा अधिकार होता, ट्विनिंगचा सल्लागार फक्त सल्ला देतो, सही स्थानिक अधिकाऱ्याचीच. माझ्या मते ही व्यवस्था टिकली याचं मोठं कारण हेच आहे.

दुसरा प्रकार सरकारी खात्यांपुरता नाही, त्यात एनजीओ, विद्यापीठं, नगरपालिकासुद्धा येतात. याचं ठळक उदाहरण म्हणजे आंतरराष्ट्रीय व्हिसेग्राड फंड. पोलंड, हंगेरी, चेक आणि स्लोव्हाकिया या चार देशांनी तो ९ जून २००० ला काढला, ऑफिस स्लोव्हाकियाच्या राजधानीत, ब्रातिस्लाव्हात, आणि चौघंही सारखीच वर्गणी भरतात. २०१४ पासून वर्षाचं बजेट ८० लाख युरो होतं, म्हणजे ईयूच्या हिशेबात चिल्लरच. या चारही देशांना १ मे २००४ ला ईयूत प्रवेश मिळाला, आणि त्यानंतर फंडाने पश्चिम बाल्कन (सर्बिया, अल्बेनिया वगैरे) तसंच युक्रेन, मोल्दोव्हा, जॉर्जिया अशा पूर्वेकडच्या देशांसाठी वेगळी अनुदानं ठेवली. फ्रान्स-जर्मनीने शिकवण्यापेक्षा यांनी शिकवलेलं जास्त पटतं, कारण हे कालपरवापर्यंत रांगेतच उभे होते आणि कम्युनिस्ट काळातली फायलींची सवय कशी मोडायची हे त्यांनी स्वतः केलंय. याच धर्तीवर बाल्कनमधल्या देशांनी मिळून अल्बेनियाच्या राजधानीत, तिरानामध्ये, स्वतःचा वेस्टर्न बाल्कन्स फंड उभा केला.

आता तक्रारी. बराच पैसा परिषदा, बॅनर आणि ग्रुप फोटोत जातो, अर्ज लिहिण्यात तरबेज असलेल्या त्याच त्या संस्था दरवेळी दिसतात, आणि शिकून तयार झालेला अधिकारी जास्त पगाराची नोकरी मिळाली की खातं सोडून जातो. शिवाय वरची राजकीय इच्छाच गेली तर ज्ञान पडून राहतं. जॉर्जियाला डिसेंबर २०२३ मध्ये उमेदवार देशाचा दर्जा मिळाला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने प्रवेशाची बोलणी २०२८ पर्यंत पुढे ढकलली.

आशियात आसियानने २००० मध्ये कंबोडिया, लाओस, म्यानमार, व्हिएतनाम या मागून आलेल्या सदस्यांसाठी असाच कार्यक्रम काढला. तिमोर-लेस्ते या पूर्वीच्या पोर्तुगीज वसाहतीची गोष्ट तर गोंयकारांना जवळची वाटावी, १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्यातून चालायचा. त्याने २०११ मध्ये आसियानकडे अर्ज केला, मधल्या काळात सिंगापूरने तिथल्या अधिकाऱ्यांना ट्रेनिंग दिलं, आणि २६ ऑक्टोबर २०२५ ला तो अकरावा सदस्य झाला. भारताचा आयटेक कार्यक्रम १९६४ पासून परदेशी अधिकाऱ्यांना ट्रेनिंग देतोय, पण तो कुठल्या गटात शिरण्यासाठी नाही, म्हणून तो या प्रकारात अर्धवटच बसतो.