तान की व्यापारीगृह, होई आन

तान की व्यापारीगृह : मध्य व्हिएतनाममधील होई आन या जुन्या बंदरगावातील, सुमारे दोनशे वर्षांपूर्वी बांधलेले घर आणि पेढी. ‘तान की’ हे दुकानाचे नाव. घर ले घराण्याचे असून त्यांच्या सात पिढ्या येथे नांदल्या. थू बोन नदीच्या उत्तर काठावर वसलेल्या जुन्या गावात न्ग्वेन थाय होक रस्त्यावर घराचे पुढचे दार आहे आणि मागचे दार नदीकाठच्या बाक डांग रस्त्यावर उघडते. पाहायला येणारे बहुतेक जण पुढून आत शिरतात. माल मात्र मागून, नदीवरून यायचा. हे घर नीट समजून घ्यायचे तर नदीकडूनच सुरुवात करावी.

सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून या भागावर सत्ता असलेल्या न्ग्वेन सरदारांच्या आश्रयाने होई आनला बरकत आली. युरोपीय नकाशांत या बंदराचे नाव ‘फायफो’ असे आढळते. जपानी आणि चिनी व्यापारी मोसमी वाऱ्यांबरोबर येत, वारे फिरेपर्यंत मुक्काम ठोकत आणि त्यांच्यातले काही कायमचे राहत. १६३५ मध्ये जपानने आपल्या लोकांना परदेशी जाण्याची बंदी केली. त्यानंतर जपानी वस्ती ओसरली आणि चिनी व्यापाऱ्यांचे वजन वाढले. फूज्यान, ग्वांगदोंग, हायनान अशा प्रांतांतून आलेल्यांची सभागृहे आजही गावात उभी आहेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तायसोन बंडाच्या युद्धात गावाची धूळधाण झाली, पण ते पुन्हा बांधले गेले. तान की घर या पुनर्बांधणीनंतरच्या काळातले आहे.

पुढे नदी गाळाने भरत गेली, जहाजे मोठी होत गेली आणि फ्रेंच अमदानीत सारा व्यापार तीसेक किलोमीटरवरच्या दा नांगला गेला. गाव मागे पडले, आणि त्याच कारणाने वाचले. ज्या पैशातून जुनी घरे पाडून नवी उठली असती, तो पैसाच गावात उरला नाही. १९८५ मध्ये देशाने आणि १९९९ मध्ये युनेस्कोने जुन्या गावाला वारसास्थळ मानले. या जतनामागे पोलिश वास्तुरचनाकार काझिमिएझ क्विआत्कोव्स्की यांचा मोठा हात होता. त्यांचे स्मारक गावात आहे.

घराची मांडणी लांबट नळीसारखी आहे. दर्शनी रुंदीवर कर आकारला जाई म्हणून व्यापारी अशी अरुंद घरे बांधत, असे सांगतात. काहीही असो, दोन्ही टोके रस्त्याला आणि नदीला लागल्यामुळे ही मांडणी धंद्याला सोयीची होती. पुढे दुकान, मग बैठकीची खोली, त्यानंतर उघडा चौक, पलीकडे निजण्याच्या खोल्या आणि शेवटी वखारीचा भाग. हा मागचा भाग एके काळी परदेशी व्यापाऱ्यांना भाड्याने दिला जाई. रेशीम, चहा, दालचिनी, लाकूड असा माल येथून चढवला-उतरवला जायचा. दुकानाला लाकडी फळ्यांचे दार असून दाराच्या चौकटीवर दोन गोल लाकडी ‘डोळे’ बसवलेले आहेत. घरावर त्यांचा पहारा असतो, अशी समजूत आहे. होई आनमध्ये असे डोळे नसलेले जुने घर विरळाच.

सुतारकाम हे या घराचे वैभव. नदीपलीकडच्या किम बोंग गावचे सुतार या कामात नावाजलेले होते आणि होई आनची घरे बहुतांशी त्यांच्या हातची. खांबांना फणस आणि लोखंडासारखी कठीण स्थानिक लाकडे वापरली आहेत. प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा असल्यामुळे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. बैठकीच्या खोलीत एका तुळईवर दुसरी, तीवर तिसरी अशा उतरत्या लांबीच्या तुळया रचल्या आहेत. खोलीच्या एका भागाचे छत खेकड्याच्या पाठीसारखे कमानदार आहे. छताखालच्या कोरीवकामात रेशमी फीत गुंडाळलेल्या दोन तलवारी दिसतात: तलवार बळाची, फीत लवचीकतेची. चौकातल्या सज्जाच्या आधारावर मात्र द्राक्षाची पाने आहेत, आणि ती युरोपातून आलेली नक्षी. वरून कौले आणि आतून लाकडी तक्तपोशी असल्याने उन्हाळ्यात घर थंड राहते. एकमेकांत उलटसुलट बसवलेली ही कौले सबंध गावाच्या छपरांवर आहेत.

दोन खांबांवर टांगलेल्या चिनी ओळींच्या पाट्या येथे आवर्जून दाखवतात. अक्षराची प्रत्येक रेघ शिंपल्याच्या तुकड्यांनी जडवलेला एकेक पक्षी आहे. कोणी पंख पसरलेला, कोणी मान वळवलेला. लांबून मजकूर दिसतो, जवळ गेल्यावर थवा. घरात ‘कन्फ्यूशियसचा पेला’ही आहे. तो बेताने भरला तर पाणी टिकते, काठोकाठ भरू गेल्यास सगळे गळून जाते. हाव धरू नये, असा धडा त्यातून देतात. अशा पेल्यांच्या पोटात लपवलेली वाकडी नळी असते. पाणी तिच्या वळणाच्या वर गेले की वक्रनलिकेच्या तत्त्वाने पेला तळापर्यंत रिकामा होतो. पेल्याभोवती नेहमी गर्दी असते, पण घराचा खरा दस्तऐवज मागच्या भिंतीवर आहे.

त्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा वर्षांसह नोंदवल्या आहेत. होई आनला पूर नवा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात थू बोन पात्राबाहेर येतेच. १९६४ च्या पुरात पाणी जवळजवळ सबंध तळमजला व्यापून होते आणि ती खूण बहुतेक माणसांच्या डोक्यावरून जाते. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीसही जुने गाव असेच बुडाले. या संकटाची तजवीज बांधणीतच आहे. मागच्या माळ्याच्या तुळईला कप्प्या लावलेल्या आहेत. एके काळी त्यांवरून मालाची गाठोडी माळ्यावर चढत. आता पूर येणार असे कळले की त्याच कप्प्यांवरून खुर्च्या, मेजे आणि कपाटे वर जातात. पाणी ओसरले की घरची मंडळी गाळ धुऊन सामान खाली उतरवतात. चारशे किलो दालचिनी काय किंवा पणजोबांचे कपाट काय, कप्पीला दोन्ही सारखेच.

पाहणी लहानशी असते. जुन्या गावाच्या एकत्रित तिकिटातच या घराचा समावेश होतो. परदेशी पाहुण्यांसाठी त्याचा दर गेली अनेक वर्षे १,२०,००० डोंग (व्हिएतनामी चलन) असून, तिकिटाचे एकेक कुपन फाडून देत ठरावीक संख्येची स्थळे पाहता येतात. आत गेल्यावर छोट्या कपातून चहा देतात आणि माहिती सांगणारी मुलगी दहा मिनिटांत सगळे उरकते, कारण मागे पुढचा गट थांबलेला असतो. तो निघून गेल्यावर थोडे रेंगाळता आले तर चौकात उतरणारा उजेड आणि जडावकाम नीट पाहून होते. पूर्वजांचे देवघर वापरातले आहे. तेथे हात लावू नये. घरातली माणसे वरच्या मजल्यावर राहतात, त्यामुळे जिना पाहुण्यांना बंद असतो.

वरचा मजला पाहायचाच असेल तर जुन्या गावातल्याच जपानी पुलापलीकडचे फुंग हुंग घर गाठावे. सुमारे १७८० मधले हे घर कठीण लाकडाच्या ८० खांबांवर उभे आहे. तेथील माडीच्या जमिनीत जाळीचे झाकण असलेले चौकोनी भोक असून पुराच्या वेळी खालचा माल त्यातूनच वर ओढून घेत.