चक्क्याची पार्श्वभूमी: कापड, पाणी आणि साखर

दही कापडात बांधून टांगायचं, पाणी निथळू द्यायचं आणि मागे राहील तो चक्का. कृती एवढीच. पण दूध कोणतं, तापवलं किती, विरजण किती, कापड कसं आणि किती वेळ टांगलं यातलं एक जरी चुकलं तरी चक्का आंबट, रवाळ किंवा सैल होतो. घरोघरी पाळल्या जाणाऱ्या या बारकाव्यांमागचा इतिहास फार लांबचा आहे.

चरकसंहितेत दह्यातून सुटणाऱ्या पाण्याला ‘मस्तु’ असं वेगळं नाव आहे आणि त्याचे गुणही वेगळे सांगितले आहेत. साखर-मसाले घातलेल्या दह्याला तिथे ‘रसाला’ म्हटलं आहे. दही रात्री खाऊ नये आणि तूप, साखर, मध, मुगाचं वरण अशा कशाच्या तरी सोबतीशिवाय खाऊ नये, हा सल्लाही तिथलाच. बाराव्या शतकात कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या जेवणातली शिखरिणी, म्हणजे श्रीखंडासारखा दह्याचा गोड पदार्थ, येते. आणि सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात दह्याचे प्रकार सांगताना ‘गालित’, म्हणजे गाळून पाणी काढलेलं दही, स्वतंत्रपणे नोंदवलं आहे: स्निग्ध, पचायला जड, बल वाढवणारं.

भावप्रकाशातली रसालेची कृती तर आजच्या स्वयंपाकघरात उभं राहून वाचावी अशी आहे. म्हशीच्या दुधाचं आंबट दही घ्यायचं, त्यातलं पाणी काढून टाकायचं. असं दही एक आढक आणि पांढरी साखर दोन प्रस्थ. चार प्रस्थांचा एक आढक होतो, तेव्हा मापाने साखर दह्याच्या निम्मी झाली. स्वच्छ कापडावर हे थोडं थोडं घेऊन, वरून अर्धा घट दूध घालत, नव्या मातीच्या भांड्यात दाबून गाळायचं. मग वेलची, लवंग, कापूर आणि मिरी. ही रसाला खुद्द भीमाने केली आणि श्रीकृष्णाने पुन्हा पुन्हा चाखली, असंही तिथे म्हटलं आहे.

या कृतीत कापडाचं काम दोनदा आहे. आधी दह्यातलं पाणी काढायला आणि नंतर साखर मिसळलेलं दही घासून गुळगुळीत करायला. पुरणयंत्र घरात येण्याआधी आपल्याकडेही श्रीखंड असंच व्हायचं: पातेल्याच्या तोंडाला पातळ सुती कापड ताणून बांधायचं आणि चक्का-साखर हाताने त्यावर घासायची. पुरणयंत्राने कष्ट वाचवले, पण पोत अजूनही कापडाचाच सरस. जाळीची भोकं मोठी असतात, बारीक गुठळ्या तशाच खाली उतरतात. पुरणयंत्र वापरायचं तर सगळ्यात बारीक जाळी लावून चक्का दोनदा काढावा. मिक्सरमध्ये मात्र फिरवू नये. वेगाने फिरणारं पातं दह्याची बांधणी मोडतं आणि श्रीखंड पातळ होतं, मग ते फ्रिजमध्ये कितीही ठेवलं तरी पूर्ववत घट्ट होत नाही.

फरक आहे तो दुधाचा. अर्धा घट दूध घातल्यावर ती रसाला नक्कीच पळीवाढी होत असणार, वाटीत उभा राहणारा गोळा नव्हे. आजच्या घट्ट श्रीखंडात दूध फक्त केशर खलण्यापुरतं, चमचाभर. मिरी आणि लवंग मागे पडली, जायफळ, चारोळी आणि केशर आलं. कापूर घालून पाहायचा असेल तर खाण्याचा भीमसेनी कापूरच घ्यावा, तोही किलोभर श्रीखंडाला मोहरीएवढा. पूजेच्या कापराच्या वड्या खाण्यासाठी नसतात.

म्हशीच्या दुधाचा आग्रह आजही योग्यच आहे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण 6 ते 7 टक्के, गाईच्या दुधात 3.5 ते 4. प्रथिनंही म्हशीच्या दुधात जास्त, आणि चक्क्याचा सांगाडा प्रथिनांचाच असतो. एक लीटर म्हशीच्या निरशा दुधाचा 350 ते 450 ग्रॅम चक्का पडतो. गाईच्या दुधाचा 250 ते 350. पश्चिम महाराष्ट्रात म्हशी पाळण्याची परंपरा जुनी आहे, सोलापूर-कोल्हापूर-सांगली पट्ट्यातली पंढरपुरी म्हैस ही तर नोंदलेली जात. श्रीखंड तिथे सणाचं पक्वान्न म्हणून रुजलं त्याला ही दुधाची बाजूही आहे. पिशवीतलं एकजीव केलेलं दूध चालतं, पण त्याचं दही मऊ लागतं आणि पाणी सावकाश सोडतं, म्हणून दोन-तीन तास जास्त धरावेत.

पाणी सुटतं कसं? दुधातलं केसीन हे प्रथिन एरवी बारीक कणांच्या रूपात तरंगत असतं. विरजणातले जिवाणू दुग्धशर्करेचं आम्ल करतात, सामू (pH) 4.6 च्या आसपास उतरतो, आणि हे कण एकमेकांना धरून जाळं विणतात. दुधातलं सगळं पाणी त्या जाळ्यात अडकून राहतं. जाळं कापलं, हललं किंवा त्यावर भार आला की पाणी वाट काढतं. दूध किती तापवलं याला म्हणूनच महत्त्व आहे. उकळी आणून मंद आचेवर आणखी दहा मिनिटं ठेवलं, की निवळीत, म्हणजे दह्यातून सुटणाऱ्या पाण्यात, वाहून गेली असती अशी प्रथिनंही केसीनला चिकटतात, जाळं दाट होतं आणि पाणी घट्ट धरून ठेवतं. असं दही टांगल्यावर थेंब थेंब गळतं, वेळ लागतो, पण चक्का जास्त पडतो आणि लोण्यासारखा लागतो. नुसतं कोमट करून विरजलेल्या दुधाचं पाणी भराभर निघून जातं. काम लवकर झाल्याचं समाधान मिळतं, हाती मात्र रवाळ आणि थोडा चक्का येतो.

तापवलेलं दूध बोटाला सोसवेल इतकं, साधारण 40 अंशांपर्यंत, निवलं की विरजावं. लीटरला उन्हाळ्यात एक लहान चमचा विरजण पुरतं, थंडीत दोन. ‘लवकर लागावं’ म्हणून वाटीभर विरजण घालण्याची सवय चक्क्याला घातक. दही घाईने आंबतं, जाळं खरबरीत होतं आणि टांगण्याआधीच वर पाणी दिसू लागतं. दही लागलेलं हवं पण चढलेलं नको. अदमुऱ्याच्या जरा पुढे, कवडी पडेल असं झालं की लगेच दोन तास फ्रिजमध्ये ठेवावं आणि मग बांधावं. भावप्रकाशातली कृती आंबट दही घ्यायला सांगते खरी, पण फ्रिजशिवाय रात्रभर टांगलेलं दही आणखी आंबणारच. आपण साखर कमी खाऊ पाहतो, तेव्हा आंबटपणा सुरुवातीलाच आवरलेला बरा.

कापड जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती हवं: धोतराचा तुकडा, पंचा किंवा दुहेरी मलमल. नव्या कापडाची खळ आधी उकळून काढावी. बांधण्यापूर्वी कापड ओलं करून पिळून घ्यावं, म्हणजे कोरडं सूत दही शोषून चिकटत नाही. चाळणीवर कापड अंथरून दही ढवळून न ओतता मोठ्या पळीने वड्या उचलल्यासारखं घालावं. पहिल्या तासात सगळ्यात जास्त पाणी निघतं. तेव्हा नुसतं टांगावं, भार ठेवू नये. दोन-तीन तासांनी पुरचुंडी चाळणीत ठेवून वर ताटली आणि पाण्याने भरलेला तांब्या ठेवला तर चालतो. हाताने पिळणं मात्र कटाक्षाने टाळावं. निवळी स्वच्छ, हिरवट-पिवळी दिसायला हवी. हा रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब जीवनसत्त्वातल्या एका घटकाचा. खालचं पाणी पांढुरकं दिसू लागलं की समजावं, केसीन आणि स्निग्धांश कापडातून निघून चालले आहेत: कापडाची वीण विरळ आहे, दही नीट लागलेलं नाही किंवा कुणीतरी पिळलं आहे.

किलोभर दह्यातून अर्धा लीटर किंवा थोडं जास्त पाणी निघालं आणि पुरचुंडी उलटल्यावर गोळा कापड सोडून सुटा निघाला, की चक्का झाला. बाहेर टांगला तर सहा ते आठ तास लागतात, फ्रिजमध्ये बारापर्यंत. पाडव्याला घरात पारा पस्तिशीला टेकतो, तेव्हा फ्रिजच बरा. भांडं स्टीलचं, काचेचं किंवा मातीचं घ्यावं. बिनकल्हईच्या पितळेत दही कळकतं, हे घरातल्या मोठ्यांनी सांगितलेलं असतं आणि ते खरं आहे: आम्लामुळे तांबं दह्यात उतरतं.

गाळलेलं दही जगात अनेकांनी केलं, पण ते टिकवण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या. लेबनॉन-सीरियाकडे लबनेला मीठ लावतात, आणखी कोरडे करून त्याचे गोळे ऑलिव्ह तेलात बुडवून ठेवतात. तुर्कस्तानात सुझ्मे, ग्रीसमध्ये स्त्राङिस्तो तसंच खातात. आपल्याकडे चक्का हे बहुतेक वेळा मुक्कामाचं ठिकाण नसून मधला टप्पा राहिला. त्याचं पुढे गोड होणार हे ठरलेलंच. दमट, उष्ण हवेत नुसता चक्का बाहेर टिकत नाही, फ्रिजमध्येही तीन-चार दिवसच चांगला राहतो. साखर उरलेलं पाणी बांधून ठेवते, त्यामुळे श्रीखंड फ्रिजमध्ये त्याहून बरंच जास्त राहतं. चरकाचा साखर घालून दही खाण्याचा सल्ला पचनाच्या दृष्टीने आहे, पण टिकण्याच्या दृष्टीनेही तो आपल्या हवेला जुळला, असं म्हणता येईल.

साखर घातली की चक्का सैल होतो. साखर चक्क्यातलं पाणी ओढून त्यात विरघळते, म्हणून घाबरून जाऊ नये. पिठीसाखर किंवा बारीक साखर हलक्या हाताने मिसळून अर्धा तास झाकून ठेवावी आणि मगच गाळावी. चक्का नीट घट्ट असेल तर दोन-तीन तास गार केल्यावर श्रीखंड पुन्हा जमून येतं. तरीही पातळ राहिलं तर दोष साखरेचा नसतो, पाणी पुरतं निथळलेलं नसतं.

कारखान्यात हे काम कापडावर भागेना. कापडात लागणारा वेळ, त्या वेळात वाढणारा आंबटपणा आणि दर खेपेला वेगळा उतरणारा चक्का या अडचणी होत्याच. 1970 च्या दशकात श्रीखंडाची यांत्रिक पद्धत विकसित झाली आणि बडोद्याच्या सुगम डेअरीत ती प्रत्यक्ष वापरात आली. तिचं मर्म असं: साय काढलेल्या दुधाचं दही लावायचं, क्वार्क या जर्मन ताज्या चीजसाठी बनलेल्या फिरत्या यंत्रात त्यातलं पाणी वेगळं करायचं, आणि स्निग्धांश नंतर घट्ट क्रीमच्या रूपात मिसळायचा. यात सायीचा कणही निवळीत जात नाही आणि प्रत्येक खेप सारखी येते. घरच्या चक्क्यात साय जाळ्यातच विणलेली असते, त्यामुळे त्याची चव जिभेवर वेगळी उलगडते. कारखान्याच्या पद्धतीची ताकद सातत्यात आहे.

विक्रीच्या चक्क्याला कायद्याने मापं आहेत. साध्या चक्क्यात एकूण घनपदार्थ किमान 30 टक्के हवेत, म्हणजे पाणी 70 टक्क्यांहून जास्त नको. लॅक्टिक आम्ल जास्तीत जास्त 2.5 टक्के. साय काढलेल्या दुधाच्या चक्क्याला घनपदार्थांची अट 20 टक्क्यांची आहे, म्हणून डब्यावरचं नाव वाचूनच घ्यावा. श्रीखंडात घनपदार्थ किमान 58 टक्के आणि कोरड्या वजनात साखर कमाल 72.5 टक्के. घरी 500 ग्रॅम चक्क्याला 350 ते 400 ग्रॅम साखर पुरते.

गेल्या दोन दशकांत हेच गाळलेलं दही ‘ग्रीक योगर्ट’ या नावाने शहरांतल्या दुकानांत आलं. अथेन्समध्ये 1926 साली दुधाच्या दुकानापासून सुरू झालेल्या ‘फाये’ने ते परदेशी नेलं. अमेरिकेत 2007 मध्ये ‘चोबानी’ बाजारात आल्यावर त्याची लाट आली, आणि भारतात 2015 मध्ये मुंबईच्या ‘एपिगॅमिया’ने ते आणलं. खप वाढला तशी तिकडे निवळीची अडचण उभी राहिली. तीन लीटर दुधाला साधारण दोन लीटर आंबट निवळी सुटते, आणि एवढी निवळी नदी-नाल्यात सोडली तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. घरात ती अडचण येत नाही. निवळीत थालीपिठाचं पीठ भिजवावं, कढीत किंवा आमटीत घालावी. त्या पदार्थात चिंच-आमसूल तेवढं कमी करावं.

अमेरिका-युरोपातली मराठी घरं आता ग्रीक योगर्टचंच श्रीखंड करतात. चांगलं होतं, दोन गोष्टी सांभाळल्या तर. डब्यावर स्टार्च, पेक्टिन किंवा जिलेटिन लिहिलं असेल तो घेऊ नये. त्या दह्यातलं पाणी निथळण्याऐवजी घटकांनी धरून ठेवलेलं असतं आणि साखर पडताच ते खळीसारखं लागतं. आणि जे निव्वळ गाळलेलं आहे तेही चक्क्याइतकं कोरडं नसतं. पूर्ण स्निग्धांशाचं घेऊन कापडात बांधून आणखी चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवावं. किलोभर डब्यातून दीड-दोनशे मिलीलीटर पाणी सहज निघतं, आणि मग साखरेचं वरचं प्रमाण जसंच्या तसं लागू पडतं.