राज्य बदलताना बंदूक: १९८६च्या कायद्याने काय दिले आणि काय नाही

अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसची नोकरी सोडून न्यू जर्सीतल्या एडिसनला निघालेल्या कुटुंबाच्या यादीत शाळेचे दाखले, गाडीचा विमा, डॉक्टरांकडची कागदपत्रे हे सगळे असते. कपाटाच्या वरच्या कप्प्यातले पिस्तूल त्या यादीत शेवटी येते, किंवा येतच नाही. दुकानातून रीतसर घेतलेले, घेताना केंद्राची तपासणी झालेली, पावती जपून ठेवलेली. मग अडचण कुठली, असे वाटणे साहजिक आहे. भारतात आधी परवाना आणि मग हत्यार, त्यामुळे शहर बदलले की निदान नव्या कचेरीत नोंदवायला हातात एक कागद असतो. टेक्सासात घरात पिस्तूल ठेवायला परवानाच लागत नाही. न्यू जर्सीच्या पोलिसांपुढे ठेवायला त्या माणसाकडे काहीच नसते आणि तिथला कायदा तर परवान्यापासूनच सुरू होतो.

हा तिढा जुना आहे. पिस्तुलासाठी परवाना सक्तीचा करणारा न्यू यॉर्कचा कायदा १९११चा. दुसऱ्या राज्याचा परवाना तिथे आजही चालत नाही. केंद्र सरकार या विषयात उतरले ते १९३४ साली, तेही कराच्या वाटेने: मशीनगन, सायलेन्सर, आखूड नळीच्या रायफली आणि शॉटगन यांच्यावर २०० डॉलरचा कर. मशीनगन किंवा आखूड नळीची बंदूक बाळगणाऱ्याला राज्य बदलण्याआधी केंद्रीय खात्याची लेखी मंजुरी आजही घ्यावी लागते. सामान्य माणसाचा त्याच्याशी संबंध येत नाही, म्हणून ते इथेच सोडू.

१९६३ साली डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्षांचा खून झाला तो शिकागोच्या दुकानातून टपालाने मागवलेल्या रायफलीने. पाच वर्षांनी, आणखी दोन मोठ्या हत्या झाल्यावर, १९६८चा कायदा आला. त्याने टपालाची विक्री बंद केली आणि एका राज्याच्या रहिवाशाने दुसऱ्या राज्यातून हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, विकत घेण्याला मनाई केली. इथून ‘रहिवासी’ या शब्दाला बंदुकीच्या कायद्यात वजन आले. मात्र आपल्या मालकीची बंदूक घेऊन माणूस दुसरीकडे राहायला जात असेल तर त्याला या कायद्याने अडवले नाही. वाटेतल्या राज्यांनी काय करावे, हेही सांगितले नाही. त्या मौनाचा अर्थ पुढची अठरा वर्षे प्रत्येक राज्याने आपापल्या सोयीने लावला.

१९८६च्या मे महिन्यात आलेला कायदा बंदूकधारकांच्या बाजूचा म्हणून ओळखला जातो. नव्या मशीनगन सामान्यांसाठी त्यानेच बंद केल्या, हे मात्र त्याचे गुणगान करताना सोयीस्करपणे विसरले जाते. त्यातले एक कलम प्रवासाबद्दल आहे आणि काही आठवड्यांतच, जुलैमध्ये, ते नव्याने लिहावे लागले. कलमाचा आशय असा: जिथे बंदूक बाळगणे आणि जवळ नेणे कायदेशीर आहे अशा ठिकाणाहून, जिथे ते तितकेच कायदेशीर आहे अशा दुसऱ्या ठिकाणी बंदूक नेता येईल, मधल्या राज्याचा कायदा काहीही असो. बंदुकीत गोळ्या नकोत. बंदूक आणि गोळ्या बसल्या जागेवरून हाताला येतील अशा नकोत. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद डबा हवा, आणि समोरचा ग्लोव्ह बॉक्स किंवा दोन सीटमधला कप्पा त्यासाठी चालणार नाही.

लोक वाचतात ते डब्याचे आणि कुलपाचे. खरी मेख पहिल्या अर्ध्या वाक्यात आहे. डॅलसहून निघालेला माणूस टेनेसी ओलांडून इंटरस्टेट ८१ हा महामार्ग धरतो, व्हर्जिनिया संपवतो, वेस्ट व्हर्जिनियाच्या कोपऱ्यातून मेरीलँडच्या जेमतेम बारा मैलांच्या पट्ट्यात शिरतो, मग पेनसिल्व्हेनिया आणि शेवटी इंटरस्टेट ७८ने न्यू जर्सी. त्याला धास्ती असते ती मेरीलँडच्या बारा मैलांची. पण त्याच्या पिस्तुलाला कारखान्यातूनच १७ गोळ्यांचे मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायचा खण, आले असेल, तर ते न्यू जर्सीत बाळगणेच गुन्हा आहे, कारण तिथली मर्यादा २०१८पासून १० गोळ्यांची आहे. शेवटचे ठिकाणच बेकायदा ठरले की १९८६चे संरक्षण मागता येत नाही, आणि ते फक्त शेवटच्या राज्यापुरते नाही. मधल्या बारा मैलांसाठीही नाही. एका राज्यातून सुट्टीला निघून तिसऱ्या राज्यात जाणाऱ्याला हे कलम उपयोगी पडते. कायमचे राहायला निघालेल्याला त्याचा आधार नव्या गावच्या कायद्यावरच टेकलेला असतो.

‘बाळगणे आणि जवळ नेणे’ यातला दुसरा भाग आणखी घोळाचा. घरात बंदूक ठेवायला मोकळीक पण बाहेर नेताना परवाना, अशी राज्ये आहेत. तिथे परवाना नसलेल्या माणसाने बंदूक ‘जवळ नेणे’ कायदेशीर म्हणायचे की नाही? घर बदलताना एका घरातून दुसऱ्या घरात गोळ्या काढलेली बंदूक नेण्यासाठी न्यू जर्सीच्या कायद्यात वेगळी सवलत आहे, त्यामुळे तिथे यातून वाट निघते. सगळीकडे ती इतकी सरळ नाही.

या कलमाचा कस लागला तो २००५च्या एका विमानप्रवासात. त्या प्रकरणावर इथे जरा थांबणे भाग आहे, कारण न्यू जर्सीच्या पट्ट्यात कलमाचा आजचा अर्थ त्यातूनच ठरला. युटाचा एक माणूस सॉल्ट लेक सिटीहून पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला निघाला होता. सामानात कुलूपबंद पिस्तूल, विमान कंपनीला सांगून दिलेले. न्यूअर्कला पुढचे विमान हुकले, नंतरचे रद्द झाले, आणि बॅग हाती लागेपर्यंत बसही गेली. रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात काढून सकाळी तो परत आला आणि नियमाप्रमाणे काउंटरवर पिस्तुलाची माहिती दिली. तिथेच अटक झाली. काही दिवस तुरुंगात गेले. आरोप पुढे मागे घेतले गेले. त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला आणि २०१०मध्ये अपिलात तो हरला.

न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की रात्रभर बॅग हॉटेलच्या खोलीत त्याच्या हाताशी होती. ‘हाताला येईल अशी नको’ ही अट तिथे मोडली. माणूस स्वतःची चूक नसताना अडचणीत सापडला, हे त्याच निकालात मान्य केले आहे. वर उपायही सुचवला आहे: अशा प्रवाशाने बॅग ताब्यात घेण्याआधी विमानतळावरच्या पोलिसांकडे किंवा कर्मचाऱ्यांकडे जावे. रात्रीच्या वेळी, अनोळखी राज्यात, ‘माझ्या बॅगेत पिस्तूल आहे’ असे गणवेशातल्या माणसाला आपणहून सांगायला जावे, ही सूचना ज्यांनी लिहिली त्यांना न्यूअर्कच्या रांगेत कधी उभे राहावे लागले असेल असे वाटत नाही. राज्याच्या बाजूचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, हेही खरे. न्यू जर्सीत हँडगन हवी तर खरेदीसाठी वेगळा परवाना, बाहेर नेण्यासाठी आणखी वेगळा, आणि तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला ‘मी पुढे निघालो आहे’ एवढ्यावर सोडायचे तर त्या परवान्यांना अर्थ उरत नाही.

२०१३मध्ये त्याच अपील न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. संरक्षण वाहनातून नेण्याला आहे, पायी चालत विमानतळ ओलांडण्याला नाही, कारण कलमाची भाषा डिकी, कप्पे आणि वाहन यांचीच आहे. न्यू यॉर्कच्या बाजूच्या अपील न्यायालयाने २०१०मध्ये ठरवले की या कलमाच्या आधारे अटकेबद्दल भरपाईचा दावाच लावता येत नाही. तेव्हा व्यवहारात त्या पट्ट्यात आज एवढेच उरते की अटक होऊ शकते. कलम कामी आले तर नंतर, बचाव म्हणून.

त्याच २०१३ सालचे फिलाडेल्फियाच्या एका आईचे प्रकरण जास्त गाजले. पेनसिल्व्हेनियाचा परवाना पर्समध्ये, पिस्तूल सोबत. न्यू जर्सीत गाडी थांबवल्यावर तिने स्वतःच पोलिसाला सांगितले. दोन राज्यांच्या मध्ये फक्त एक नदी आहे. पण परवाना पलीकडे चालत नाही आणि न्यू जर्सीत या गुन्ह्याला किमान साडेतीन वर्षे सक्तीची कैद होती. ओरड झाल्यावर राज्याच्या सरकारी वकिलांना नवी मार्गदर्शक सूचना मिळाली, तिचा खटला सौम्य मार्गाने निघाला आणि २०१५मध्ये तिला माफी मिळाली. कायदा होता तिथेच राहिला.

पोहोचल्यानंतरचा भाग अलीकडच्या पंचवीस-तीस वर्षांत वाढला आहे. नव्याने राहायला येणाऱ्याने हँडगनची माहिती ६० दिवसांत द्यावी असा नियम कॅलिफोर्नियाने १९९८पासून केला. २०१४पासून त्यात रायफली आणि शॉटगनही आल्या. मेरीलँडने २०१३पासून हँडगनसारख्या नियंत्रित बंदुकांच्या नोंदणीला ९० दिवस दिले. हवाईत पाच दिवस. न्यू जर्सी यात उशिरा उतरली: २०२२च्या जुलैमधल्या कायद्याने बाहेरून येणाऱ्यालाही ६० दिवसांत बंदूकधारकाचे ओळखपत्र काढणे आणि बाहेर घेतलेल्या हँडगनची नोंद करणे बंधनकारक झाले. त्याआधी राहायला येताना आणलेली बंदूक घरात ठेवायला असा कागद लागत नव्हता. दहा वर्षांपूर्वी एडिसनला आलेल्या मित्राचा सल्ला म्हणूनच आज उपयोगाचा नाही, मित्र कितीही भला असो.

हे दिवस मोजायचे कधीपासून? केंद्राच्या नियमात रहिवासी म्हणजे घर करण्याच्या इराद्याने त्या राज्यात असलेला माणूस. दोन घरे असतील तर जेव्हा ज्या घरात, तेव्हा तिथला. लष्करातल्या माणसाला त्याची नेमणूक असेल ते राज्य. मुलांची शाळा जूनपर्यंत डॅलसला, बायको तिकडे, नवरा जानेवारीपासून एडिसनला भाड्याच्या घरात, अशी सहा महिने विभागलेली घरे आपल्यात कमी नाहीत. नवऱ्याचा इरादा जानेवारीत ठरलेला आहे, सामान जूनमध्ये येणार आहे. पिस्तूल डॅलसच्या कपाटात असेपर्यंत फारसे बिघडत नाही. मार्चच्या सुट्टीत ते गाडीत टाकून आणले की ६० दिवसांचा हिशेब नवऱ्याच्या जानेवारीपासून मांडला जाऊ शकतो. नवा ड्रायव्हिंग लायसन्स कोणत्या तारखेला काढला, भाडेकरार कधीचा, यांसारख्या गोष्टी मग पुरावा ठरतात.

मॅगझिनचा प्रश्न १९९४च्या केंद्रीय बंदीतून आला. तिच्यात १०पेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिन बंद होती, आधीची चालत. ती बंदी सप्टेंबर २००४मध्ये मुदत संपून गेली आणि विषय राज्यांकडे आला. कोलोरॅडोने २०१३मध्ये १५ची मर्यादा घातली. इलिनॉयमध्ये २०२३पासून रायफलीला १० आणि हँडगनला १५. आधीपासून जवळ असलेल्यांना कोलोरॅडो-इलिनॉयसारख्या राज्यांनी ठेवू दिले, पण ती सूट मुख्यतः तिथे आधीपासून राहणाऱ्यांच्या उपयोगाची. बाहेरून येणाऱ्याने वस्तू कितीही जुनी असल्याचे सांगितले तरी तो नवाच. मूव्हर्सच्या ट्रकात डबे चढण्यापूर्वी हे पाहायला हवे. तसेच, सामानात बंदूक आहे हे वाहतूकदाराला लेखी कळवणे केंद्राच्या कायद्याने आवश्यक आहे, आणि गोळ्या बहुतेक मूव्हर्स घेतच नाहीत.

२०२२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने न्यू यॉर्कची १९११पासूनची, खास कारण दाखवल्याशिवाय बाहेर नेण्याचा परवाना न देण्याची पद्धत मोडीत निघाली. तेव्हापासून ‘आता सगळीकडे मोकळे झाले’ असे बऱ्याचदा ऐकू येते. निकालाने परवाना मिळण्याची वाट रुंद केली. एका राज्याचा परवाना दुसऱ्याने मानावा असे त्यात म्हटलेले नाही. उलट न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी यांनी, परवाना असला तरी बंदूक नेता येणार नाही अशा संवेदनशील जागांच्या लांबलचक याद्या लगेच केल्या. परवाने सर्वत्र मानायला लावणारे विधेयक २०१७च्या डिसेंबरमध्ये कनिष्ठ सभागृहात २३१ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर झाले होते, सिनेटने ते घेतलेच नाही. २०२५मध्ये ते पुन्हा मांडले गेले. त्याचा विषय लपवून हँडगन नेण्याचा आहे. कॅलिफोर्नियाच्या ६० दिवसांशी त्याला देणेघेणे नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच घरांना लागू पडणारी तरतूद मात्र वेगळ्याच घटनेतून आली. १९९७च्या फेब्रुवारीत एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या गच्चीवर गोळीबार झाला. गोळ्या झाडणारा पर्यटक म्हणून आलेला होता. फ्लोरिडात मोटेलचा पत्ता दाखवून त्याने पिस्तूल विकत घेतले होते. रहिवासी कोण, हा १९६८चा प्रश्न त्या मोटेलच्या पत्त्याने उघडा पाडला. पुढच्याच वर्षी तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना बंदूक घेण्यास आणि बाळगण्यास बंदी आली. नोकरीसाठीचा एच-१बी तात्पुरत्या व्हिसातच मोडतो, मग अमेरिकेत बारा वर्षे काढलेली असोत. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. अपवादांत सर्वांत वापरला जाणारा शिकारीच्या लायसन्सचा: कोणत्याही राज्याचे चालू लायसन्स असेल तर बंदी लागू होत नाही. आयुष्यात ससाही न मारलेले कित्येक सॉफ्टवेअरवाले म्हणून दरवर्षी शिकारीचे लायसन्स काढतात.

राज्य बदलताना नेमके तेच राहून जाते. टेक्सासचे वार्षिक शिकार लायसन्स ऑगस्टअखेर संपते. एच-१बीवरचा माणूस जुलैत न्यू जर्सीत आला आणि नव्या नोकरीच्या गडबडीत सप्टेंबर उजाडला, तर १ तारखेपासून त्याच्या कपाटातले पिस्तूल केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. न्यू जर्सीच्या ६० दिवसांतले किती उरले, याने त्यात फरक पडत नाही. या गुन्ह्याचा डाग व्हिसाच्या आणि ग्रीन कार्डच्या अर्जावर पडतो. न्यू जर्सीत पहिल्यांदा शिकारीचे लायसन्स काढायचे तर आधीचे लायसन्स किंवा शिकार-शिक्षणाचा दाखला लागतो, त्यामुळे टेक्सासचे जुने कार्ड फेकून देऊ नये.