स्टेसी ड्रॅगिला : स्पर्धा नव्हती तेव्हापासूनची पोल व्हॉल्टर

स्टेसी ड्रॅगिला अमेरिकेत कॉलेजात शिकत होती तेव्हा तिथल्या आंतरमहाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धेत मुलींचा पोल व्हॉल्ट, म्हणजे आपल्या शाळांमधली बांबू उडी, नव्हताच. एनसीएएने, म्हणजे ती स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने, तो पहिल्यांदा घेतला १९९८ साली. तोवर ड्रॅगिलाचं शिक्षण संपलं होतं आणि इनडोअरचं जागतिक विजेतेपदही तिच्या नावावर लागलं होतं. पुढे ती मैदानी जागतिक स्पर्धेतली पहिली विजेती झाली, ऑलिंपिकमधलीही पहिली. पदकांची ही यादी कुठेही सापडते. जी स्पर्धा भरतच नव्हती तिची तयारी या मुलीने कुठे आणि कशी केली, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. मला तेच या कारकिर्दीतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

पुरुषांचा पोल व्हॉल्ट १८९६च्या अथेन्स ऑलिंपिकपासून आहे. बायकांना त्यासाठी २००० सालापर्यंत थांबावं लागलं, म्हणजे तब्बल १०४ वर्षं. बायकांच्या खांद्यांत आणि दंडांत स्वतःला वर खेचण्याइतकी ताकद नसते, असं एक कारण वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. इतक्या उंचीवरून पडणं त्यांच्या शरीराला झेपणार नाही, हे दुसरं. अशीच कारणं देत बाकीचे दरवाजेही एकेक करून, फार सावकाश उघडले गेले. महिलांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली १९८४ला, तिहेरी उडी १९९६ला, हातोडाफेक पोल व्हॉल्टबरोबर २०००ला आणि स्टीपलचेस तर २००८ला. यातल्या एकाही खेळात बायका कमी पडल्या नाहीत. त्यांना उभं राहायला जागा तेवढी मिळत नव्हती.

अमेरिकेत कॉलेजच्या मैदानांवर ती जागा थोडी आधी तयार झाली. १९७२च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेदभाव करायला मनाई केली. मग मुलींचे संघ उभे राहिले, शिष्यवृत्त्या आल्या, प्रशिक्षक नेमले गेले. १९८२पासून एनसीएए महिलांची मैदानी स्पर्धा भरवू लागली. मात्र त्यात कोणते खेळ असावेत हे ठरवताना जुनीच यादी पुढे आली, आणि त्या यादीत मुलींच्या हाती पोल नव्हता.

ड्रॅगिलाचा जन्म २५ मार्च १९७१चा, कॅलिफोर्नियातल्या ऑबर्न गावचा. सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी गुराढोरांत वाढलेली ही मुलगी लहानपणी रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या कसबाच्या स्पर्धांत, उतरायची. दोर टाकून बकरी पकडायच्या शर्यतीत तिने भाग घेतल्याचं तिच्याबद्दलच्या जवळजवळ प्रत्येक लेखात येतं, आणि ते खरंच आहे. प्लेसर हायस्कूलनंतर ती युबा कम्युनिटी कॉलेजात गेली आणि तिथे हेप्टॅथलॉनकडे वळली. अडथळा शर्यत, उंच उडी, गोळाफेक, दोनशे मीटर, लांब उडी, भालाफेक आणि आठशे मीटर असे सात खेळ दोन दिवसांत खेळायचे. पुढचं शिक्षण तिने आयडाहो राज्यातल्या पोकाटेलो गावी, आयडाहो स्टेट युनिव्हर्सिटीत घेतलं. अमेरिकन मैदानी खेळांत हे काही मोठ्या दबदब्याचं विद्यापीठ नाही. तिथे तिला डेव्ह नील्सन हे प्रशिक्षक भेटले.

१९९३च्या सुमारास नील्सननी आपल्या हेप्टॅथलॉनच्या मुलींना पोल हातात घेऊन पाहायला सांगितलं. त्यातून पदक मिळायची शक्यता नव्हती, कारण स्पर्धाच नव्हती. तरीही त्यांनी तो प्रयोग केला, आणि या खेळाच्या इतिहासातला निर्णायक क्षण मी त्यालाच मानते. कारण हेप्टॅथलॉनपटूकडे पोल व्हॉल्टला लागणारं बहुतेक सगळं आधीच असतं. या उडीचा पाया वेग आहे. धावत येणाऱ्या शरीराचा वेग पोलमध्ये वाक होऊन साठतो आणि पोल सरळ होताना तोच खेळाडूला वर फेकतो. धावपट्टीच्या टोकाला जमिनीत वीस सेंटिमीटर खोल पेटी असते. पोलचं टोक तिच्यात नेमक्या क्षणी, हात पूर्ण वर ताणून टेकवावं लागतं. त्या एका क्षणात कचरलं की पुढचं सगळं फसतं. अडथळ्यांवरून धावणारी मुलगी पावलं मोजायला शिकलेली असते, लांब उडी मारणारीला टेक-ऑफ ठाऊक असतो आणि भाला फेकणारीचा खांदा तयार असतो. नवीन शिकायचं ते एवढंच, की हवेत उलटं व्हायचं, पाय डोक्याच्या वर न्यायचे आणि आडवी पट्टी न पाडता पलीकडे गादीवर पाठीवर पडायचं. ‘एवढंच’ म्हणायला सोपं आहे. ड्रॅगिलाला तिथे पोचायला वर्षं लागली, आणि सुरुवातीच्या तिच्या उड्या उंच उडीच्या बारपेक्षा फार वर जात नव्हत्या.

दरम्यान जगात इतरत्र हालचाल सुरू झाली होती. महिलांच्या अधिकृत विश्वविक्रमांची यादी चीनच्या सुन साययुनच्या १९९२मधल्या ४.०५ मीटरपासून सुरू होते. १९९५ साली चेक प्रजासत्ताकाच्या दानिएला बार्तोवाने तो विक्रम पुन्हा पुन्हा मोडला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी ऑस्ट्रेलियाच्या एमा जॉर्जने ४.२५ मीटर पार केले. लहानपणी सर्कशीत कसरती केलेल्या जॉर्जने १९९९पर्यंत तो ४.६०वर नेऊन ठेवला. आपल्याकडच्या वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगते : तमिळनाडूच्या व्ही. एस. सुरेखाचा ४.१५ मीटरचा भारतीय विक्रम २०१४मधला आहे, आणि रोझी मीना पॉलराजने तो मोडून ४.२० गाठले २०२२ साली.

१९९७ला पॅरिसमध्ये इनडोअर जागतिक स्पर्धेत महिलांचा पोल व्हॉल्ट पहिल्यांदा आला. जॉर्ज तिथे असताना ड्रॅगिलाने ४.४० मीटरवर सुवर्ण जिंकलं. कॉलेज संपल्यावर ती पोकाटेलोतच राहिली होती, विद्यापीठात साहाय्यक प्रशिक्षक म्हणून काम करत होती आणि नील्सनच्या हाताखाली सराव करत होती. १९९९च्या ऑगस्टमध्ये सेव्हिलला मैदानी जागतिक स्पर्धेत हा खेळ प्रथमच घेतला गेला. तिथे ड्रॅगिलाने ४.६० मीटर पार केले आणि पहिल्या विजेतेपदासोबत जॉर्जच्या विश्वविक्रमाशी बरोबरीही साधली.

मग सिडनी. २५ सप्टेंबर २०००च्या रात्री स्टेडियममध्ये १ लाख १२ हजार ५२४ माणसं होती. त्यांतली बहुतेक ऑस्ट्रेलियाच्या कॅथी फ्रीमनची चारशे मीटरची शर्यत पाहायला आली होती. त्याच मैदानात महिला पोल व्हॉल्टची पहिली ऑलिंपिक फायनल रंगली. दुखापतींनी त्रासलेली एमा जॉर्ज पात्रता फेरीतच बाहेर पडली होती. ज्या बाईने हा खेळ इतका वर आणला, तिला घरच्या मैदानावर फायनल मिळू नये, याचं मला आजही वाईट वाटतं. यजमानांच्या आशा मग तात्याना ग्रिगोरिएवावर टिकल्या. ती पूर्वी अडथळा शर्यत धावायची आणि रशियातून ऑस्ट्रेलियात आली होती. ड्रॅगिलाने ४.६० मीटरवर सुवर्ण घेतलं, ग्रिगोरिएवा ४.५५वर दुसरी आली आणि वाला फ्लोसादोत्तिर ४.५०वर तिसरी. आइसलँडच्या महिलेला मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक होतं. येलेना इसिनबायेवा नावाची अठरा वर्षांची रशियन मुलगी त्या पात्रता फेरीतून पुढे जाऊ शकली नव्हती.

पुढचं वर्ष ड्रॅगिलाच्या कारकिर्दीतलं सर्वोत्तम. एप्रिल २००१मध्ये तिने ४.७० मीटरचा विश्वविक्रम केला, तोही पोकाटेलोतच, जिथे तिने पहिल्यांदा पोल धरला होता. ९ जूनला स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मैदानावर तिने एकाच दिवशी आधी ४.७१ आणि मग थेट ४.८१ मीटर पार केले. पोल व्हॉल्टमध्ये विश्वविक्रम एकेका सेंटिमीटरने सरकवायची रीत आहे. एका उडीत दहा सेंटिमीटर वर जाणं क्वचितच घडतं. ऑगस्टमध्ये एडमंटनच्या जागतिक स्पर्धेत तिने आणि रशियाच्या स्वेतलाना फेओफानोवाने सारखेच ४.७५ मीटर पार केले. अशा वेळी चुकलेले प्रयत्न मोजतात. ते ड्रॅगिलाचे कमी होते, आणि सुवर्ण तिच्याकडे राहिलं. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघाने तिला सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून निवडलं.

यानंतर खेळ तिच्या पुढे धावू लागला. फेओफानोवा आणि इसिनबायेवा दोघी जिम्नॅस्टिक्समधून आलेल्या, हवेत उलटं होणं लहानपणीच अंगात मुरलेलं. २००३च्या जुलैत इसिनबायेवाने ४.८२ मीटरसह विश्वविक्रम घेतला. ८ जून २००४ रोजी ओस्त्राव्हात तेहेतीस वर्षांच्या ड्रॅगिलाने ४.८३ पार करून तो परत मिळवला. तो तिच्याकडे राहिला जेमतेम एकोणीस दिवस. २७ जूनला गेट्सहेडमध्ये इसिनबायेवाने ४.८७ केले, आणि त्याच ऑगस्टमध्ये अथेन्सला ४.९१च्या नव्या विक्रमासह ऑलिंपिक सुवर्ण नेलं. ड्रॅगिला तिथे फायनलपर्यंतही पोचू शकली नाही. ते वर्ष तरीही तिच्या अपयशाचं आहे असं मला वाटत नाही. मैदानी उड्यांतली तिची सर्वांत उंच उडी त्याच वर्षातली आहे. २००९ साली ती निवृत्त झाली, आणि २०१४मध्ये अमेरिकेच्या मैदानी खेळांच्या हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला.

तिच्या मागोमाग कॉलेजची वाट रुंद होत गेली. जेन सूर रॉबर्ट्स वेस्लियन या छोट्या कॉलेजात बास्केटबॉल खेळायची. पोल तिने २००४ साली हाती घेतला, आणि २०१२ला लंडनमध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. २०१६ला रिओत पहिल्या दोघीही अमेरिकन कॉलेजांत घडलेल्या होत्या, ग्रीसची कातेरिना स्तेफानिदी स्टॅनफर्डची आणि सँडी मॉरिस आर्कान्सोची. दोघींनी ४.८५ मीटर पार केले, आणि एडमंटनसारखाच निकाल चुकलेल्या प्रयत्नांवर लागून सुवर्ण स्तेफानिदीला गेलं. केटी मून, पूर्वीची केटी नजॉट, एनसीएएच्या दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या, ओहायोतल्या ॲशलँड विद्यापीठातून पुढे आली. २०२१ला टोकियोत तिने ४.९० मीटरवर ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, आणि नंतर २०२२, २०२३ व २०२५ अशा सलग तीन जागतिक स्पर्धांत पहिलं स्थान मिळवलं. त्यातलं २०२३चं सुवर्ण तिने ऑस्ट्रेलियाच्या नीना केनेडीबरोबर वाटून घेतलं. २०२५ला टोकियोतच तिच्या मागे रौप्यपदकावर होती सँडी मॉरिस.